अतिशीत रेणू आणि पुंज-संगणक

जमिनीचा उतारा, शिधापत्रिका, परीक्षेचा निकाल, बँकेतील खाते या सर्वांच्या नोंदी आता संगणकात ठेवल्या जातात. संगणक या शब्दाचे अप्रूप खेड्यापाड्यांतही उरलेले नाही. तथापि संगणकाच्या अंतरंगात गणना कशी होते आणि तिला काही मर्यादा आहेत काय, या प्रश्नांचा विचार सहसा केला जात नाही. गेल्या चार दशकांत काही शास्त्रज्ञांनी नेमका या मर्यादांचाच विचार करून एका निराळ्या प्रकारच्या संगणकाची कल्पना मांडली. त्यास पुंज-संगणक किंवा क्वांटम संगणक असे म्हणतात.

हा संगणक कोणत्या पदार्थापासून घडवावा, याविषयी अनेक मार्गांनी संशोधन चालू आहे. कोणी अतिसंवाहक धातूंची सूक्ष्म मंडले वापरतात, कोणी विद्युत्‌भारित अणू म्हणजे आयन वापरतात, तर कोणी प्रकाशकण वापरतात. यांच्याच जोडीला एक नवा आणि बराच खडतर मार्ग आहे. शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाच्या अगदी जवळ नेलेले रेणू लेसर प्रकाशात धरून ठेवावयाचे आणि त्यांच्याकडून गणना करून घ्यावयाची, असा तो मार्ग होय. ज्या गुणांमुळे रेणू हाताळण्यास अवघड ठरला, त्याच गुणांमुळे तो उपयोगी ठरू पाहत आहे, हे या संशोधनाचे वैशिष्ट्य आहे. प्रस्तुत लेखात या मार्गाचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

बिट आणि क्यूबिट

आजच्या संगणकातील प्रत्येक अक्षर, आकडा व चित्र हे शून्य आणि एक या दोन खुणांच्या मालिकेत साठविलेले असते. अशा एका खुणेला बिट म्हणतात. विजेच्या बटणाप्रमाणे बिट एका वेळी एकाच स्थितीत असतो; तो शून्य तरी असतो किंवा एक तरी असतो.

अणू व रेणू यांच्या सूक्ष्म सृष्टीत मात्र व्यवहाराचे नियम निराळे आहेत. त्या नियमांच्या शास्त्रास पुंज यामिकी म्हणतात. या नियमांनुसार एखादा सूक्ष्म कण शून्य व एक या दोन्ही स्थितींच्या मिश्रणात राहू शकतो. या मिश्रणास अध्यारोपण असे नाव आहे. असे अध्यारोपण धारण करू शकणाऱ्या घटकास क्यूबिट म्हणतात. क्यूबिटचे मापन केले की मात्र शून्य किंवा एक यांपैकी एकच उत्तर मिळते आणि मूळचे मिश्रण नाहीसे होते.

एका क्यूबिटने फारसे काही साधत नाही. खरे सामर्थ्य अनेक क्यूबिटांच्या एकत्र असण्यात आहे. दोन क्यूबिटांच्या मिळून चार स्थिती होतात, तिनांच्या आठ, दहांच्या १,०२४ आणि विसांच्या १०,४८,५७६. तीस क्यूबिटांच्या स्थितींची संख्या १०७ कोटींहून अधिक भरते. याचा अर्थ पुंज-संगणक इतकी सर्व उत्तरे एकदम वाचून दाखवितो, असा मात्र नव्हे. शेवटी मापन करताना एकच उत्तर हाती येते. ते उत्तर बरोबर असण्याचा संभव वाढावा, अशा रीतीने सर्व स्थितींना वळण लावणे हेच या गणनेचे कौशल्य आहे. म्हणून पुंज-संगणक प्रत्येक कामात वेगवान ठरत नाही. काही विशिष्ट प्रश्नांतच तो श्रेष्ठ ठरण्याची अपेक्षा आहे.

असे प्रश्न कोणते? १९८१ साली अमेरिकन भौतिकीविज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी असे प्रतिपादन केले की, निसर्ग मुळात पुंज यामिकीच्या नियमांनी चालतो, म्हणून त्याची नक्कल करणारे यंत्रही त्याच नियमांनी चालणारे असावे. नवी औषधे, नवी खते, नवे धातू यांच्या रेणूंचे वर्तन समजून घेण्यासाठी असे यंत्र उपयोगी पडू शकेल. १९९४ साली पीटर शोर यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. फार मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याचे काम साध्या संगणकाला अतिशय जड जाते. पुरेसा मोठा पुंज-संगणक मात्र ते झपाट्याने करू शकेल. आज पैशांच्या व्यवहारांचे व शासकीय संदेशांचे जे गुप्तलेखन केले जाते, त्यातील बराचसा भाग याच अडचणीच्या भरवशावर उभा आहे. यास्तव हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

दोन परस्परविरोधी अटी

क्यूबिट म्हणून निवडलेल्या कणाला दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली अट अशी की, त्याने बाहेरच्या जगापासून अलिप्त राहिले पाहिजे. भटका प्रकाशकण, भिंतीची उष्णता, चुंबकीय क्षेत्रातील लहानसा चढउतार यांपैकी कशाचाही स्पर्श झाला, तर त्याचे नाजूक अध्यारोपण विस्कटते. दुसरी अट अशी की, त्याने आपल्या शेजारच्या क्यूबिटाशी मात्र जोरकस व्यवहार केला पाहिजे, कारण दोन क्यूबिटांच्या देवघेवीवाचून गणना होत नाही.

या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. जो कोणाशीच बोलत नाही तो गुपित चांगले राखतो, परंतु पंचायतीच्या कामाला उपयोगी पडत नाही. जो सर्वांशी बोलतो तो कामाचा असतो, परंतु त्याच्या पोटात काही राहत नाही. क्यूबिटच्या शोधातील सारी अडचण या एका वाक्यात सामावलेली आहे. विद्युत्‌भाररहित अणू पहिली अट उत्तम पाळतो, पण दोन अणू काही सहस्रांश मिलिमीटर अंतरावर असले, तर ते सर्वसाधारण स्थितीत एकमेकांची दखलही घेत नाहीत.

रेणूचे वेगळेपण

दोन निरनिराळ्या मूलद्रव्यांचे अणू एकत्र येऊन रेणू बनतो, तेव्हा बहुधा एका टोकाला थोडा ऋण विद्युत्‌भार आणि दुसऱ्या टोकाला थोडा धन विद्युत्‌भार अधिक असतो. लोहचुंबकाला जसे दोन ध्रुव असतात तसे या रेणूला विद्युत्‌ध्रुव असतात. म्हणून त्यास द्विध्रुवी रेणू म्हणतात. असे दोन रेणू जवळ आणले असता ते एकमेकांना न शिवतासुद्धा एकमेकांवर परिणाम करतात. दुसऱ्या अटीची सोय येथे आपोआप होते.

रेणूच्या अंगी आणखीही गुण आहेत. एकट्या अणूत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या असतात. रेणूत त्यांखेरीज दोन अणूंचे एकमेकांजवळ येणे व दूर जाणे, म्हणजे कंपन असते. आणि संपूर्ण रेणूचे भोवऱ्यासारखे फिरणे, म्हणजे परिवलन असते. भोवरा वाटेल त्या वेगाने फिरू शकतो, रेणूला मात्र ठराविक वेगांचीच मुभा असते. सर्वांत खालची, न फिरण्याची पातळी म्हणजे शून्य आणि तिच्या वरची पातळी म्हणजे एक, असे मानले की रेणूचा क्यूबिट तयार होतो. या दोन पातळ्यांमधील ये-जा सूक्ष्मतरंगांनी घडविता येते. उदाहरणार्थ, कॅल्शियम मोनोफ्लोराइड या रेणूसाठी सेकंदाला सुमारे २,०५० कोटी कंपने असलेल्या तरंगांची गरज पडते. असे तरंग निर्माण करण्याचे तंत्र रडार व दळणवळण यांमुळे पूर्वीच विकसित झालेले आहे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, अणूंच्या केंद्रकांनाही स्वतःची दिशा असते. त्या दिशांच्या निरनिराळ्या मांडणीमुळे रेणूच्या एकाच परिवलन पातळीत अनेक उपपातळ्या पडतात. या उपपातळ्या शेजारच्या रेणूशी जवळजवळ काहीच व्यवहार करीत नाहीत. म्हणजे रेणूच्या घरात एक कुलूपबंद माजघर आहे आणि एक उघडी ओसरीही आहे. माहिती जपावयाची असेल तेव्हा ती केंद्रकांच्या माजघरात ठेवावी आणि शेजाऱ्याशी व्यवहार करावयाचा असेल तेव्हा परिवलनाच्या ओसरीवर आणावी. परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन्ही अटी एकाच कणाने पाळण्याची ही शक्यता हेच रेणूचे आकर्षण आहे. माजघराची ही कल्पना प्रयोगाने पडताळून पाहिलेली आहे. इंग्लंडमधील डरॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली रुबिडियम-सिझियम रेणूंच्या अशा उपपातळ्यांतील अध्यारोपण पाच सेकंदांहून अधिक काळ टिकते, असे दाखविले. सूक्ष्म सृष्टीच्या मानाने हा काळ फार दीर्घ आहे.

२००२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डेव्हिड डीमिल यांनी द्विध्रुवी रेणूंच्या पुंज-संगणकाचा आराखडा प्रसिद्ध केला. रेणू एका ओळीत ठेवावेत, विद्युत्‌क्षेत्र ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे थोडे थोडे बदलत न्यावे, म्हणजे प्रत्येक रेणू वेगळ्या कंप्रतेला प्रतिसाद देईल आणि ज्याच्याशी काम असेल त्यालाच हाक मारता येईल, अशी त्यांची योजना होती. अशा रीतीने दहा हजार किंवा त्याहून अधिक क्यूबिट जोडता येतील आणि सुमारे पाच सेकंदांत एक लक्ष क्रिया करता येतील, असा त्यांचा अंदाज होता. आराखडा कागदावर निर्दोष होता. त्या वेळी तसे थंड रेणू मात्र कोणापाशीही नव्हते.

थंड करण्याची विद्या

तापमान म्हणजे कणांच्या हालचालीचे माप होय. हालचाल जितकी मंद तितके तापमान कमी. उणे २७३.१५ अंश सेल्सिअस या तापमानाला केवल शून्य म्हणतात. त्याच्या खाली जाता येत नाही. तेथून मोजलेल्या अंशांना केल्विन हे नाव आहे. नेहमीच्या तापमानाला हवेतील रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावत असतात. अशा कणाला पकडून त्याच्याकडून गणना करवून घेणे अशक्यच आहे.

अणू थंड करण्याची युक्ती लेसर प्रकाशाने साधली. समोरून येणाऱ्या मोठ्या चेंडूवर लहान लहान खडे सतत मारीत राहिले तर त्याचा वेग हळूहळू कमी होतो. तद्वत अणूच्या समोरून येणारा प्रत्येक प्रकाशकण त्याला किंचित मागे ढकलतो. सोडियमच्या अणूचा वेग एका प्रकाशकणाच्या धक्क्याने सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटरने घटतो. सेकंदाला ६०० मीटर वेगाने धावणारा अणू थांबविण्यासाठी सुमारे वीस हजार धक्के द्यावे लागतात. या विद्येसाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अतिशीत अणूंच्या इतिहासात एका भारतीयाचे नावही कायमचे जोडले गेलेले आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली डाक्का येथून आइन्स्टाइन यांना पाठविलेल्या निबंधातून जो सिद्धांत पुढे विकसित झाला, त्यानुसार अतिशय थंड अणूंचा समुदाय एकाच महाकणासारखा वागू लागतो, असे भाकीत करण्यात आले होते. १९९५ साली अमेरिकेतील बोल्डर येथे रुबिडियमच्या अणूंवर ते खरे करून दाखविण्यात आले.

अणूला लागू पडणारी ही युक्ती रेणूला सहजासहजी लागू पडत नाही. अणू प्रकाशकण शोषून घेतो, पुन्हा बाहेर टाकतो आणि मूळ पातळीवर परत येतो. त्यामुळे त्याला पुन्हा धक्का देता येतो. रेणूला मात्र कंपनाच्या व परिवलनाच्या अनेक पातळ्या असल्यामुळे तो परत येताना भलत्याच पातळीवर उतरतो. तेथे पहिल्या लेसरचा प्रकाश त्याला लागू पडत नाही आणि थंड करण्याचे काम अर्ध्यावर थांबते. पातळ्यांची जी विपुलता पुढे उपयोगी पडणार, तीच आरंभी आडवी आली.

या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट, जे रेणू जवळजवळ प्रत्येक वेळी मूळ पातळीवरच परततात असे मोजके रेणू हुडकून काढण्याची. चुकार रेणूंना परत आणण्यासाठी एक-दोन जादा लेसर पुरतात. येल येथे डीमिल यांच्या गटाने २०१० साली स्ट्रॉन्शियम मोनोफ्लोराइड या रेणूला अशा रीतीने लेसरने थंड करून दाखविले. पुढे कॅल्शियम मोनोफ्लोराइड या रेणूवर अनेक प्रयोगशाळांनी हीच पद्धत वापरली.

दुसरी वाट, आधी अणू थंड करून मग त्यांचा रेणू जुळविण्याची. बोल्डर येथील जे. आय. एल. ए. या संस्थेत डेबोरा जिन आणि जुन ये यांच्या गटाने २००८ साली पोटॅशियम व रुबिडियम यांचे अतिशीत अणू चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने सैलपणे जोडले आणि नंतर लेसरच्या दोन किरणांनी त्या जोडीला सर्वांत खालच्या ऊर्जापातळीवर आणले. त्या रेणूंचे तापमान एका केल्विनच्या सुमारे ३५० अब्जांश इतके होते. उष्णता न वाढविता रेणू जुळविता येतो, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

प्रकाशाचा चिमटा

रेणू थंड झाले तरी अडचणी संपल्या नाहीत. बोल्डरच्या गटाला २०१० साली असे आढळले की, इतक्या थंडीतसुद्धा पोटॅशियम-रुबिडियमचे दोन रेणू एकमेकांना भेटले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते. पोटॅशियमचे अणू पोटॅशियमपाशी जातात, रुबिडियमचे रुबिडियमपाशी जातात आणि कष्टाने मिळविलेले रेणू नाहीसे होतात. यास्तव प्रत्येक रेणूला स्वतंत्र जागा देणे आवश्यक झाले.

ही जागा प्रकाशाच्या चिमट्याने मिळाली. लेसरचा किरण भिंगातून एका बिंदूवर एकवटला असता त्या तेजस्वी बिंदूकडे सूक्ष्म कण ओढला जातो व तेथेच अडकून राहतो. आर्थर अ‍ॅश्किन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ही युक्ती शोधली आणि २०१८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. किरण हलविला की त्यात अडकलेला कणही हलतो. अशा अनेक चिमट्यांची ओळ करून रेणू हव्या त्या अंतरावर मांडता येतात.

हार्व्हर्ड विद्यापीठात कांग-कुएन नी यांच्या गटाने २०१८ साली एका चिमट्यात सोडियमचा एक अणू व दुसऱ्या चिमट्यात सिझियमचा एक अणू घेतला, दोन्ही चिमटे एकत्र आणले आणि त्या दोन अणूंपासून एकच रेणू घडविला. रसायनशास्त्रात आजवर कोट्यवधी अणूंची क्रिया एकदम होत आली. येथे मोजून दोन अणूंची क्रिया घडविण्यात आली. २०१९ साली त्याच विद्यापीठात जॉन डॉइल व नी यांच्या गटांनी लेसरने थंड केलेले कॅल्शियम मोनोफ्लोराइडचे रेणू चिमट्यांच्या ओळीत पकडून दाखविले.

दोन रेणूंची गुंफण

आता उरली ती मुख्य गोष्ट, म्हणजे दोन रेणूंची देवघेव. ती समजण्यासाठी शाळेत सहज करता येणारा एक प्रयोग उपयोगी पडेल. दोन खुंट्यांना एक दोरी किंचित सैल बांधावी. तिला सारख्या लांबीच्या दोन सुतळ्या काही अंतरावर बांधून प्रत्येकीला सारख्याच वजनाचा दगड टांगावा. एक दगड स्थिर ठेवून दुसऱ्याला झोका द्यावा. थोड्याच वेळात असे दिसेल की झोके घेणारा दगड मंदावत जातो आणि स्थिर असलेला दगड झोके घेऊ लागतो. काही वेळाने पहिला पूर्ण थांबतो आणि सारी गती दुसऱ्याकडे जाते. मग हीच देवघेव उलट दिशेने होते.

द्विध्रुवी रेणूंचेही असेच आहे. एक रेणू परिवलनाच्या वरच्या पातळीवर आणि दुसरा खालच्या पातळीवर ठेवून दोघांना जवळ आणले, तर काही काळाने पहिला खाली येतो व दुसरा वर जातो. ही देवघेव नेमकी अर्ध्यावर आली असता तिला थांबविले, तर मोठी विलक्षण स्थिती निर्माण होते. दोघांपैकी एक वर आहे हे निश्चित असते, परंतु कोणता हे ठरलेले नसते. एकाचे मापन केले की तत्क्षणी दुसऱ्याचे उत्तरही ठरते. दगडांची उपमा येथे अपुरी पडते, कारण अर्ध्या वाटेवर दोन्ही दगड थोडे थोडे हलताना डोळ्यांना दिसतात. मापन केलेल्या रेणूंच्या बाबतीत मात्र एक पूर्णपणे वर आणि दुसरा पूर्णपणे खाली असाच आढळतो. या संबंधास गुंफण म्हणतात. पुंज-संगणकाच्या सामर्थ्याचा हा मुख्य आधार होय.

वेगवेगळ्या चिमट्यांतील दोन रेणूंची अशी गुंफण २०२३ साली साध्य झाली. प्रिन्स्टन विद्यापीठातील गटाने, आणि हार्व्हर्ड व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या गटाने, कॅल्शियम मोनोफ्लोराइडचे रेणू वापरून आपले निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध केले. त्यानंतर २०२४ साली नी यांच्या गटाने सोडियम-सिझियमचे दोन रेणू १.९ सहस्रांश मिलिमीटर अंतरावर आणून त्यांना ६६४ दशलक्षांश सेकंद एकमेकांशी व्यवहार करू दिला. माणसाच्या केसाच्या जाडीच्या मानाने हे अंतर कितीतरी पटींनी लहान आहे. दोन्ही रेणू जागेवर आढळले त्या वेळी गुंफणीची अचूकता सुमारे ९४ टक्के भरली. दोन क्यूबिटांवरील तर्कक्रियेला पुंज-द्वार म्हणतात. असे एक द्वार रेणूंनी प्रत्यक्ष चालवून दाखविले, हे या प्रयोगाचे महत्त्व आहे.

चिमट्याचा प्रकाश स्वतःच रेणूच्या पातळ्यांना हलवितो, ही एक अडचण शिल्लक होती. रेणूला धरणारा हातच त्याचे अध्यारोपण बिघडवीत होता. डरॅम येथे सायमन कॉर्निश यांच्या गटाने अशी एक तरंगलांबी वापरली की, तिच्या प्रकाशाने क्यूबिटच्या दोन्ही पातळ्या सारख्याच प्रमाणात हलतात आणि त्यांच्यातील अंतर कायम राहते. या प्रकाशात रुबिडियम-सिझियम रेणूंची गुंफण दीर्घकाळ टिकते, असे या गटाने २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध केले.

यशाचे खरे माप

नव्या शोधाच्या वार्ता वाचताना आकड्यांचा अर्थ लावण्याची सवय उपयोगी पडते. ९४ टक्के गुण परीक्षेत उत्तम समजले जातात; गणनेत मात्र हा आकडा पुरेसा नाही. एक द्वार १०० पैकी ९४ वेळा अचूक चालते असे धरले, तर लागोपाठ दहा द्वारे अचूक चालण्याचा संभव ०.९४ या संख्येचा दहा वेळा गुणाकार करून मिळतो. तो सुमारे ५४ टक्के येतो. शंभर द्वारांसाठी हाच संभव हजारात दोन इतका उरतो. याउलट अचूकता ९९.९ टक्के असेल, तर शंभर द्वारांनंतरही संभव सुमारे ९० टक्के राहतो. हा हिशेब ढोबळ आहे, परंतु त्यावरून अपेक्षेचे स्वरूप कळते. आयनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांनी ९९.९ टक्क्यांची पातळी २०१६ सालीच गाठलेली होती. म्हणजे या स्पर्धेत रेणू उशिरा उतरला आहे आणि अद्याप मागे आहे.

इतरही उणिवा आहेत. सोडियम-सिझियमसारखा जुळविलेला रेणू जागेवर आहे किंवा नाही हे सरळ पाहता येत नाही. तो पुन्हा मोडून त्याच्या अणूंचा प्रकाश पाहावा लागतो. रेणू जुळविण्याचा प्रयत्न प्रत्येक वेळी यशस्वी होत नाही, त्यामुळे काही चिमटे रिकामे राहतात. द्वाराचा वेगही इतर पद्धतींच्या मानाने मंद आहे. २००२ च्या आराखड्यात दहा हजार क्यूबिटांची कल्पना होती. त्यानंतर सुमारे दोन दशकांनी दोन रेणूंचे एक द्वार सिद्ध झाले.

हे अपयश समजावे काय? तसे समजणे रास्त होणार नाही. या काळात रेणू थांबविण्याची, जुळविण्याची, एकेकटा पकडण्याची, त्याला हाक मारण्याची आणि शेजाऱ्याशी जोडण्याची विद्या एकामागून एक हस्तगत झाली. यांपैकी कोणतीही पायरी गाळून पुढे जाता आले नसते. शिवाय वाटेत अतिशीत रसायनाचे एक नवे दालन उघडले, हा लाभ आराखड्यात धरलेलाही नव्हता. रेणूंच्या पातळ्या दोनच नसून अनेक आहेत, त्यामुळे एका रेणूत एका क्यूबिटहून अधिक माहिती ठेवण्याचीही शक्यता आहे. मोठा संगणक होण्यापूर्वीच चुंबकत्वासारख्या गुंतागुंतीच्या घटनांची नक्कल करणारे साधन म्हणून या रेणूंचा उपयोग होण्याचा संभव अधिक दिसतो. फाइनमन यांची मूळ कल्पनाही तीच होती.

भारत सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानास मान्यता दिली. त्यासाठी २०३०-३१ पर्यंतच्या कालावधीकरिता ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आहे. अतिसंवाहक व प्रकाशीय यांसारख्या पद्धतींनी ५० ते १,००० क्यूबिटांचे संगणक तयार करणे, हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. बेंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था गणनेच्या केंद्राचे आणि मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था सूक्ष्म मापनाच्या केंद्राचे काम पाहते. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना लेसर, निर्वात, विद्युत्‌क्षेत्र व गणित यांची पक्की बैठक लागते. आणि तिचा पाया माध्यमिक शाळेतील प्रकाश, ध्वनी व दोलक यांच्या पाठांतच घातला जातो. दोरीला टांगलेल्या दोन दगडांचा प्रयोग त्या दृष्टीने लहान समजू नये. ज्या विद्यार्थ्याने एका दगडाची गती दुसऱ्याकडे जाताना स्वतः पाहिली आहे, त्याला रेणूंची देवघेव परकी वाटणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. चांगल्या क्यूबिटच्या दोन अटी कोणत्या? त्या परस्परविरोधी का आहेत?

२. लेसरने अणू थंड करणे सोपे आणि रेणू थंड करणे अवघड का जाते?

३. एका द्वाराची अचूकता ९९ टक्के असेल, तर लागोपाठ दहा द्वारे अचूक चालण्याचा संभव काढा.

४. दोन दगडांचा प्रयोग करून गती एका दगडाकडून दुसऱ्याकडे जाण्यास लागणारा काळ मोजा. सुतळ्यांमधील अंतर बदलल्यास तो काळ कसा बदलतो, याची नोंद ठेवा.